रुमाल टाकलेली मशिनं

"सर, 14 नोड आयडल दाखवतोय आणि माझा जॉब सकाळपासून पेंडिंगच आहे. शेड्युलर अडकलाय बहुतेक."

क्लस्टर सांभाळणाऱ्या माणसाला ही तक्रार नवीन नसते. पीएचडी करणारी ती मुलगी लॅपटॉप उघडाच घेऊन आली होती, पुरावा म्हणून. तिला 8 नोड हवे होते आणि 14 रिकामे होते, म्हणजे गणित तिचं चुकत नव्हतं. शेड्युलर, म्हणजे कुणाचं काम (जॉब) कुठल्या मशीनवर कधी चालवायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम, तोही अडकला नव्हता. पण एक तर ते 14 नोड एका जातीचे नव्हते, आणि दुसरं म्हणजे त्यातले बरेचसे रिकामे असले तरी मोकळे नव्हते.

क्लस्टर म्हणजे वेगवान जाळ्याने एकमेकांना जोडलेली पुष्कळ मशिनं. त्यातल्या एकेका मशीनला नोड म्हणायचं. 1994 साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे 16 साधे संगणक जोडून 'बेओवुल्फ' हा क्लस्टर उभा केला, तेव्हा सोळाही मशिनं सारखीच होती. कुठलं काम कुठे टाकायचं याचा फारसा विचार करावा लागत नव्हता.

आता ती चैन राहिली नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतला 'परम प्रवेग' घ्या. पुण्याच्या सी-डॅकने उभारलेल्या या महासंगणकात प्रत्यक्ष आकडेमोड करणारे 624 नोड आहेत. त्यातले 428 साधे, प्रत्येकी 192 जीबी मेमरीचे. 156 नोडांना चौपट मेमरी, म्हणजे 768 जीबी. उरलेल्या 40 नोडांत जीपीयू, म्हणजे एकसारखी पुष्कळ गणितं एकदम करणाऱ्या चिप, बसवलेले आहेत. आता 20 जीबीत भागणारा जॉब कुणी चौपट मेमरीच्या नोडवर टाकला तर तो चालेल, मजेत चालेल. पण जनुकांचे तुकडे जुळवायला ज्याला 600 जीबी एकाच मशीनमध्ये लागतात, तो बाहेर ताटकळत बसेल, आणि त्याला दुसरीकडे कुठे जागाच नाही.

म्हणून नोडांचे गट पाडतात. जगभरच्या अनेक महासंगणकांवर चालणारा स्लर्म हा शेड्युलर अशा गटाला पार्टिशन म्हणतो. जीपीयूचं एक पार्टिशन, मोठ्या मेमरीचं एक, नुसतं 'प्रोग्रॅम चालतोय का' एवढं बघायला अर्ध्या-एक तासाच्या मर्यादेचं एक छोटं. तुम्ही जॉब टाकताना पार्टिशनचं नाव लिहायचं आणि त्या रांगेत उभं राहायचं. त्या पीएचडीवाल्या मुलीच्या 14 नोडांपैकी 4 जीपीयूचे होते, आणि तिच्या प्रोग्रॅमला जीपीयू वापरता येत नव्हता. उरले 10.

इथवर गट पाडणं शहाणपणाचं वाटतं. खरी गंमत, किंवा डोकेदुखी, पुढे आहे. हार्डवेअर बघून पाडलेले गट समजू शकतात, पण गट बहुतेक वेळा पाडले जातात ते पैशाचा धागा धरून. "हे 12 नोड आमच्या ग्रँटमधून आलेत, ते आमच्याच लोकांना." रसायनवाल्यांचं एक पार्टिशन, भौतिकवाल्यांचं दुसरं. प्रबंध सादर करायचे दिवस आले की एकीकडे आठवड्याची रांग लागते आणि शेजारच्या रॅकमध्ये, म्हणजे मशिनं रचलेल्या कपाटात, नोड नुसते गरम हवा फेकत बसतात. कुणाचा माझ्यावर राग ओढवला तरी चालेल, पण क्लस्टरमध्ये उभारलेली प्रत्येक भिंत मशिनं वाया घालवते, आणि किती वाया घालवते ते मोजताही येतं.

गूगलने ते मोजलं. त्यांच्या 'बोर्ग' या क्लस्टर सांभाळणाऱ्या प्रणालीवरचा शोधनिबंध 2015 साली आला. बोर्गमध्ये मशिनांच्या एका समूहाला सेल म्हणतात आणि मध्यम आकाराच्या सेलमध्ये सुमारे 10,000 मशिनं असतात. तिथे दोन तऱ्हेची कामं शेजारीशेजारी चालतात. एक सर्च, ईमेल अशी, क्षणभरही न थांबणारी, आणि दुसरी सवडीने करायची. पहिल्या तऱ्हेची कामं गर्दीच्या वेळेचा हिशोब धरून जागा अडवून ठेवतात आणि एरवी ती पूर्ण वापरत नाहीत. त्या फटीत दुसरी कामं बसवायची आणि गर्दी झाली की त्यांना उठवायचं. या दोघांना वेगवेगळी मशिनं दिली असती तर मध्यम सेलला 20 ते 30 टक्के मशिनं जास्त लागली असती, असा त्यांचा हिशोब निघाला. दहा हजारांवर दोन-तीन हजार! केवळ भिंतीपायी.

मग गट मोडूनच टाकावेत का? तेही जमत नाही, कारण काही गट निसर्गानेच पाडलेले असतात. एका रॅकमधल्या मशिनांचा नेटवर्क स्विच आणि वीजपुरवठा बहुधा सामाईक असतो. शेकडो कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले आकडेमोड करणारे भाग, एकमेकांशी सतत बोलत हवामानाचं गणित सोडवत असतील, तर ते नोड एकाच स्विचखाली असलेले बरे, निरोप लवकर पोचतात. याउलट एखाद्या वेबसाइटच्या तीन प्रती चालवायच्या असतील तर त्या चुकूनही एका रॅकमध्ये ठेवायच्या नाहीत. तिथली वीज गेली तर तिन्ही एकदम बसतील. म्हणजे नकाशा तोच, पण एकाला तो जवळ बसण्यासाठी लागतो आणि दुसऱ्याला लांब बसण्यासाठी.

यावर निघालेली तोड मला फार आवडते. नोडांना भिंतीआड कोंडायचं नाही, त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या. 2014 मध्ये गूगलने खुल्या केलेल्या कुबरनेटीस या क्लस्टर सांभाळणाऱ्या प्रणालीत एकाच नोडवर 'जीपीयू आहे', 'तिसरा रॅक', 'एसएसडी डिस्क' अशा हव्या तेवढ्या चिठ्ठ्या लागतात. काम आपली अट सांगतं आणि त्या अटीपुरता गट तेवढ्यापुरता तयार होतो. महागड्या नोडवर एक उलटी चिठ्ठीही लावता येते. तिचं नाव टेंट, म्हणजे डाग. तो डाग 'मला चालतो' असं ज्या कामाने आधी लिहून दिलं असेल, त्यालाच त्या नोडवर प्रवेश. सोवळ्याची ही व्यवस्था आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

नोडच्या आतही हीच कुरबुर असते. 48 कोअर आणि 192 जीबीच्या नोडवर कुणी 6 कोअर आणि 180 जीबी मागितले, की उरलेले 42 कोअर असून नसल्यासारखे. मेमरीशिवाय त्यांच्यावर काय चालवणार? स्क्रीनवर मात्र ते रिकामेच दिसत राहतात.

पण लॅपटॉप घेऊन आलेल्या त्या मुलीची अडचण ही नव्हती. तिच्या पार्टिशनचे 10 नोड खरोखर पूर्ण रिकामे होते. त्यांच्यावर रुमाल टाकलेला होता.

एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून सीटवर रुमाल पडतो, तसा. रांगेत तिच्या पुढे एक मोठा जॉब होता, त्याला 24 नोड एकदम हवे होते. 10 जमले होते. बाकीचे 14 दुसऱ्या कामात अडकलेले, ते पहाटे 6 वाजता सुटणार होते. शेड्युलरने हे 10 तिच्यासारख्या छोट्या जॉबना वाटून टाकले असते, तर रोज कुणी ना कुणी मध्ये घुसलं असतं आणि 24 वाल्याची पाळी कधीच आली नसती. म्हणून ते राखून ठेवलेले.

पण रुमालाच्या सीटवर बसता येतं, मालक यायच्या आत उठणार असाल तर. या युक्तीला बॅकफिल म्हणतात. 1995 मध्ये अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेत डेव्हिड लिफ्का यांनी आयबीएमच्या एसपी या यंत्रासाठी ती बसवली आणि आज जवळपास प्रत्येक महासंगणकावर ती चालते. अट एकच. किती वेळ लागेल ते जॉबने आधी सांगायचं, आणि तो वेळ संपला की काम अर्धवट असलं तरी शेड्युलर ते बंद पाडतो.

"तू किती तास मागितलेस?"

"72. जास्त दिलेले बरे ना सर, मध्येच मारला गेला तर?"

"मागच्या वेळी किती लागले होते?"

तिने जुनी लॉग फाइल उघडली. साडेनऊ तास. दुपारचे चार वाजले होते. 12 तास मागितले तरी पहाटे चारला ती उठणार, सहाच्या आत.

तिने आकडा बदलला, एंटर मारलं. पीडी, म्हणजे पेंडिंग. मिनिटभराने परत बघितलं, पीडीच्या जागी आर, म्हणजे रनिंग.

"म्हणजे मी सकाळपासून उगाच बसले होते?" असं म्हणून तिने लॅपटॉप मिटला.