द सेटॅनिस्ट

‘द सेटॅनिस्ट’ हा पोलंडमधील बेहेमोथ या ब्लॅकन्ड डेथ मेटल बँडचा दहावा स्टुडिओ अल्बम. फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यूक्लिअर ब्लास्ट या कंपनीने तो युरोपात आणि मेटल ब्लेडने अमेरिकेत बाजारात आणला. त्यात नऊ गाणी आहेत आणि सगळा ऐवज सुमारे ४४ मिनिटांचा. डेथ मेटल आणि ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या, म्हणजे कर्कश रॉक संगीताच्या, दोन शाखा. डेथ मेटलचा घशातून येणारा खोल, गुरगुरणारा आवाज आणि ब्लॅक मेटलच्या झरझर वाजणाऱ्या, थंड गिटारी यांच्या मिश्रणाला ब्लॅकन्ड डेथ मेटल म्हणतात. या शैलीतल्या महत्त्वाच्या अल्बममध्ये ‘द सेटॅनिस्ट’चे नाव आवर्जून घेतले जाते, आणि ते रास्तच आहे.

बेहेमोथची स्थापना १९९१ मध्ये ग्दान्स्कच्या परिसरात झाली. गायक-गिटारवादक आदाम दार्स्की, म्हणजेच ‘नेर्गाल’, हा तेव्हापासून बँडचा कणा आहे. ‘इव्हँजेलियन’ (२००९) या आधीच्या अल्बमनंतर बँडचे नाव जगभर झाले होते. त्याच भरात, ऑगस्ट २०१० मध्ये, नेर्गालला ल्यूकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, निदान झाले. ग्दान्स्कच्याच रुग्णालयात उपचार झाले, डिसेंबरात अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले आणि जानेवारी २०११ मध्ये तो घरी परतला. पुढचा अल्बम यायला आणखी तीन वर्षे लागली. गाण्यांत रुग्णालयाचा साधा उल्लेखही नाही. तरीही मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाचे हे संगीत आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय ते पुरते उमगत नाही.

रेकॉर्डिंग २०१३ मध्ये मुख्यतः ब्याविस्तोक शहरातल्या हर्ट्झ स्टुडिओत झाले. मिक्सिंग (वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज जुळवणे) मॅट हाइड यांनी केले, तर मास्टरिंग (ध्वनीवरचा शेवटचा हात) न्यूयॉर्कमध्ये टेड जेन्सन यांनी. ड्रमवर ‘इन्फर्नो’, बासवर ‘ओरायन’ आणि गिटारवर नेर्गालसोबत ‘सेथ’. आधीच्या अल्बममध्ये आवाजाची भिंत इतकी दाट असे की वाद्ये वेगळी काढून ऐकणे अवघड जाई. इथे ती भिंत मोकळी झाली आहे. ड्रमच्या कातड्यावर काठी पडल्याचे कळते, तारांची खरखर तशीच ठेवलेली आहे, आणि वेग तर अनेकदा मुद्दाम कमी केलेला. ‘ब्लो युअर ट्रम्पेट्स गेब्रिएल’ या पहिल्याच गाण्यात वेगाच्या जोरावर नाव कमावलेला हा बँड जड पावलांनी, मिरवणुकीसारखा चालत आत येतो. बराच वेळ तो ताण धरून ठेवतो आणि मग ड्रमचा भडिमार सुटतो.

गाण्यांची नावे चर्चच्या भाषेतून उचललेली आहेत. ‘फ्युरर दिविनुस’ म्हणजे दैवी उन्माद, ‘मेस न्वार’ म्हणजे काळी मिस्सा, चर्चमधल्या मुख्य उपासनेचे सैतानी विडंबन. ‘ओरा प्रो नोबिस ल्युसिफर’ या नावातली खोच वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकाला चटकन कळेल. संतांच्या लितानीत, म्हणजे एकेका संताचे नाव घेत म्हणायच्या प्रार्थनेत, प्रत्येक नावामागे येणारे ‘आमच्यासाठी विनंती कर’ हेच पालुपद इथे ल्युसिफरच्या, म्हणजे सैतानाच्या, नावाला जोडले आहे. ज्याच्या कानांवर लहानपणापासून ही प्रार्थना पडली आहे, त्यालाच ती अशी उलटवता येते. पोलंडसारख्या कट्टर कॅथलिक समाजात हे बंड घरातलेच ठरते, आणि म्हणूनच ते झोंबते.

अल्बमचा गाभा मात्र आठव्या गाण्यात, ‘इन द ॲब्सेन्स ऑव्ह लाइट’मध्ये आहे. गाणे पूर्ण वेगात असताना सगळे एकदम थांबते. साध्या ॲकूस्टिक गिटारीचे सूर उरतात, मागून सॅक्सोफोन येतो आणि नेर्गाल गुरगुरणे सोडून आपल्या नेहमीच्या आवाजात पोलिश बोलू लागतो. हे शब्द विटोल्ड गोम्ब्रोविच या पोलिश लेखकाच्या ‘श्लुब’ (लग्न) या नाटकातले आहेत. मी सगळी व्यवस्था, सगळे सिद्धान्त नाकारतो. देवावर विश्वास नाही आणि बुद्धीवरही नाही. पुरे झाले हे देव, मला माणूस द्या, असा त्यांचा आशय. सैतानाचे नाव मिरवणाऱ्या अल्बमच्या गाभ्यात माणसाची मागणी यावी, यातच या कलाकृतीची किल्ली आहे. इथला सैतान हा पूजेचा देव नाही. कोणापुढेही न वाकणाऱ्या, स्वतःच्या जगण्याचा मालक होऊ पाहणाऱ्या माणसाचे ते रूपक आहे. पोलिश न कळणारा श्रोताही त्या क्षणी कान टवकारतो, कारण इतका वेळ राक्षसी वाटलेला आवाज अचानक शेजारी बसलेल्या माणसाचा होतो.

मुखपृष्ठ रशियन चित्रकार देनिस फोर्कास कोस्त्रोमितिन यांचे आहे. चित्राच्या रंगात नेर्गालचे रक्त मिसळले होते. एरवी हा दिखाऊपणा वाटला असता; पण ज्याच्या रक्तानेच दगा दिला होता, त्याने तेच रक्त चित्राला देणे याचा अर्थ वेगळा होतो.

पोलंडमध्ये अल्बम विक्रीच्या यादीत पहिला आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत त्याने ३४ व्या क्रमांकावर प्रवेश केला. इतक्या कर्कश संगीतासाठी ही मजल मोठीच. विरोधही झाला. २००७ मध्ये पोलंडमधल्या ग्दिन्या शहरातल्या मैफलीत नेर्गालने बायबल फाडले होते आणि धार्मिक भावना दुखावल्याचा तो खटला वर्षानुवर्षे चालला होता. त्यामुळे बँडकडे आधीपासूनच रोखून पाहिले जात होते. मे २०१४ मध्ये रशियाच्या दौऱ्यात येकातेरिनबुर्ग इथे व्हिसाच्या कारणावरून बँडला ताब्यात घेऊन देशाबाहेर काढण्यात आले. ऑक्टोबरात खुद्द पोलंडमधल्या पोझनानचा कार्यक्रम रद्द झाला.

पुढे बँडने हा अल्बम मैफलींत पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत त्याच क्रमाने सादर केला. त्याचे चित्रीकरण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. शेवटचे गाणे ‘ओ फादर ओ सेटन ओ सन!’ संथ आणि विस्तीर्ण आहे. त्यात पिता, सैतान आणि सूर्य या तिघांना एकाच हाकेत बोलावले आहे.