रिटर्न व्हॅल्यू वापरली, पण तपासली का?

मिस्रा सी २०१२ (सुरक्षित सी कोड लिहिण्याची नियमावली) मधला नियम १७.७ आणि डिरेक्टिव्ह ४.७ कोड रिव्ह्यूमध्ये सर्रास एकच समजले जातात. १७.७ ची मागणी एवढीच की फंक्शनने परत दिलेली व्हॅल्यू वापरा. ४.७ सांगतो की फंक्शन एरर कळवत असेल तर ती तपासा. पहिल्याचं उल्लंघन टूलला सहज सापडतं, दुसऱ्याचं बहुतेक वेळा माणसालाच शोधावं लागतं.

फाइलमधून बाइट वाचणाऱ्या रीड फंक्शनचं नेहमीचं उदाहरण घ्या. परत आलेली वाचलेल्या बाइटची संख्या एन या व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि पुढच्याच ओळीत बफरच्या एन-व्या जागी शून्य लिहिलं. व्हॅल्यू वापरली गेली, त्यामुळे १७.७ खूश आणि कंपायलरही गप्प. पण रीड फसला तर एन उणे एक असतो आणि ते शून्य बफरच्या आधीच्या बाइटवर जातं. बफर काठोकाठ भरला, तर शेवटाच्या एक घर पुढे. एन शून्यापेक्षा लहान आहे का हे पाहणारी अट घातली, पण एन साइझ-टी या, उणे संख्या न ठेवणाऱ्या, प्रकाराचा असेल, तर ती अट कधीच खरी ठरत नाही. जीसीसी कंपायलरमध्ये हे डब्ल्यू-एक्स्ट्रा या वॉर्निंगच्या पर्यायाखाली कळतं, नुसत्या डब्ल्यू-ऑलखाली नाही.

दुसरी फसवी जागा: आरसी या व्हेरिएबलमध्ये एका फंक्शन कॉलचा निकाल घेतला, न वाचताच दुसऱ्या कॉलचा निकाल त्यावर लिहिला आणि मग एकदाच तपासला. आरसी शेवटी वाचला जातो, म्हणून 'न वापरलेला व्हेरिएबल' ही वॉर्निंग येत नाही. क्लँग कंपायलरचा, कोड न चालवता तपासणारा, स्टॅटिक अ‍ॅनलायझर मात्र असा वाया गेलेला स्टोअर दाखवतो.

मुद्दाम दुर्लक्ष करायचं असेल तर १७.७ ला व्हॉइड कास्ट, म्हणजे कॉलच्या आधी कंसात व्हॉइड लिहिणं, चालतो. सी२३ या सी भाषेच्या मानकातल्या नोडिस्कार्ड ('निकाल टाकू नका') या खुणेची वॉर्निंगही त्याने थांबते. जीसीसीच्या वॉर्न-अनयूज्ड-रिझल्ट अ‍ॅट्रिब्यूटची थांबत नाही, म्हणून लोक खोटा व्हेरिएबल किंवा रिकामा इफ लिहितात. हा उपाय कास्टपेक्षा वाईट, कारण वरवर पाहता तो तपासल्यासारखा दिसतो. कास्टशेजारी कारणाची कॉमेंट नसेल तर पॅच परत पाठवावा.

वॉर्निंग आली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये रीड, राइटवरची वॉर्न-अनयूज्ड-रिझल्टची खूण फोर्टिफाय-सोर्स ही संरक्षक सेटिंग चालू असतानाच लागते आणि त्याला ऑप्टिमायझेशन हवं. ओ-शून्यच्या, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असलेल्या, डीबग बिल्डमध्ये ती दिसणारच नाही. फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजवर तर खूणच नाही. बफरमधला उरलेला डेटा मात्र तिथेच लिहिला जातो, त्यामुळे डिस्क भरल्याची एरर कित्येकदा पहिल्यांदा तिथेच उघडी पडते.