सरकीच्या दाण्यातले काळे ठिपके

"गुरुजी, सरकीच्या तेलानं लेकरं होत नाई म्हन्तेत, खरं हाय का?" जिनिंगबाहेरच्या टपरीवर एका शेतकऱ्याने मोबाइल पुढे केला. त्याची कापसाची गाडी रांगेत उभी होती. व्हॉट्सॲपवरचा तो निरोप लाल अक्षरांत होता आणि खाली लाकडी घाण्याच्या तेलाची जाहिरात.

निरोप साफ खोटा असता तर सोपं होतं. त्यात एक खरी गोष्ट आहे, पण उलटी टांगलेली.

त्याच्याच गाडीतल्या कापसातून एक सरकी काढली आणि ब्लेडने उभी चिरली. पांढुरक्या गरात सुईच्या टोकाएवढे काळसर ठिपके दिसले. या गॉसिपॉलच्या ग्रंथी. किडींपासून वाचायला पऱ्हाटीने जवळ बाळगलेलं हे पिवळं विष.

चीनमधल्या काही खेड्यांत सरकी भाजून-वाफवून न घेता कच्चीच गाळायला लागले आणि तिथल्या जोडप्यांना मुलंच होईनात. १९५७ साली एका चिनी डॉक्टरने या तेलाकडे बोट दाखवलं. १९७० च्या दशकात तर हेच गॉसिपॉल पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून ८,००० हून अधिक जणांना देऊन पाहिलं. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींचे शुक्राणू गोळी थांबवल्यावरही परतले नाहीत. पुढे ही गोळी मागे पडली.

ते शुक्राणूला नेमकं काय करतं? शुक्राणूच्या डोक्यात बापाचा वारसा, मागे शेपूट. शेपटीच्या सुरुवातीला मायटोकाँड्रियांचं वेटोळं, चऱ्हाट गुंडाळावं तसं. हे इंजिन. गॉसिपॉल ते बिघडवतं. शिवाय लॅक्टेट डिहायड्रोजिनेज-एक्स हे शुक्राणूंचं खास विकर (एन्झाइम), त्यालाही अडवतं. मग एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होत नाही आणि शेपूट हलत नाही. गंमत पुढे आहे. गॉसिपॉलच्या रेणूचे दोन सारखे अर्धे एकाच बंधाने जोडलेले असतात, पण बाजूचे अणुगट एकमेकांना अडत असल्याने तो बंध पुरता फिरत नाही. त्यामुळे डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं होतात. ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात थरथरणाऱ्या, प्रकाशाचं प्रतल डावीकडे वळवणारं रूप शुक्राणूंना जास्त मारक.

एवढं होऊनही टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक साधारण तसंच राहतं, म्हणजे गडी बाहेरून ठणठणीत. आपल्याकडे मात्र लेकरू झालं नाही की ताईत बाईच्याच गळ्यात आणि उपास-तापासही तिलाच. आधीच अर्धपोटी राबणाऱ्या बाईची पाळी थांबू शकते, कारण अन्न अपुरं पडलं की मेंदूकडून बीजाशयाला जाणारे संप्रेरकांचे इशारेच मंदावतात. उपासाने तिचं उलट नुकसानच.

आता तेल. कारखान्यात कच्च्या तेलात कॉस्टिक सोडा घालतात, तेव्हा गॉसिपॉल साबणासारख्या गाळाबरोबर निघून जातं. 'कच्चं तेच शुद्ध' म्हणणारे घाण्याच्या इतर तेलांबद्दल काय सांगायचं ते सांगोत, सरकीच्या बाबतीत भीती कच्च्या तेलाचीच आहे, पुड्यातल्या रिफाइंडची नव्हे.

"मंग आमच्या गाई त रोज ढेप खातेत, त्या कशा गाभण राह्यतेत?"

रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात बरंचसं गॉसिपॉल प्रथिनांना चिकटून निकामी होतं. लहान वासराचं ते पोट अजून तयार झालेलं नसतं, म्हणून त्याच्यापुढे सरकी-ढेप ठेवायची नाही. हे ऐकून त्याने पहिल्यांदा मोबाइल खिशात टाकला. घरी दोन महिन्यांचा गोऱ्हा होता.