काष्ठौषधी घेताना आणि घरी वापरताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुण्याच्या पेठेतील आमच्या काष्ठौषधींच्या, म्हणजे औषधी वनस्पतींच्या, दुकानात येणाऱ्या काही ग्राहकांच्या हातात वैद्यांची चिठ्ठी असते, काहींनी घरातल्या मोठ्यांनी सांगितलेली नावे कागदावर लिहून आणलेली असतात, आणि अलीकडे मोबाइलवर आलेली काढ्याची कृती दाखवून ‘यातले सगळे द्या’ असे सांगणारेही पुष्कळ असतात. या सर्वांना आमची विनंती अशी की, वनस्पतीचे नुसते नाव सांगून थांबू नये. तिचा कोणता भाग हवा, तो भरड हवा की वस्त्रगाळ चूर्ण, आणि औषध कोणासाठी आहे, एवढे अवश्य सांगावे.

याचे कारण बिब्ब्यावरून चांगले कळते. बिब्ब्याच्या टरफलातील तेल अंगाला लागले तर कातडीवर फोड येतात, आणि त्याच फळाच्या बीतील गर म्हणजे आपण हिवाळ्यात डिंकाच्या लाडवांत घालतो ती गोडंबी. गोडंबी आम्ही कोणालाही देतो. बिब्बा मात्र वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. औषधविषयक नियमांच्या ‘ई (१)’ या अनुसूचीत विषारी द्रव्यांची यादी दिलेली असून बिब्बा, बचनाग, कुचला, जमालगोटा, धोत्रा आणि गुंज ही त्यातली काही नावे आहेत. आयुर्वेदात ही द्रव्ये शोधनानंतर (म्हणजे त्यांचा विषारीपणा कमी करण्याच्या प्रक्रियेनंतर), ठरलेल्या मात्रेत आणि वैद्यांच्या देखरेखीखाली वापरली जातात; घरी प्रयोग करण्याची ही औषधे नव्हेत.

नावे सारखी, वनस्पती वेगळ्या

अशोकाची साल स्त्रियांच्या विकारांवरील औषधांत वापरली जाते, ती सीतेच्या अशोकाची, म्हणजे केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांच्या झाडाची. सोसायट्यांच्या कुंपणाशी सरळ उंच वाढणारा अशोक हा वेगळ्याच कुळातला असून त्याची साल भेसळ म्हणून बाजारात येते. ब्राह्मीच्या बाबतीतही असेच घडते. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून बहुधा मंडूकपर्णी विकली जाते, तर अनेक वैद्यांना चिठ्ठीत नीरब्राह्मी अभिप्रेत असते. मंडूकपर्णीचे पान गोलसर आणि मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. नीरब्राह्मीची पाने लहान, जाडसर व मांसल असतात. चिठ्ठीवर खुलासा नसेल, तर वैद्यांना विचारून यावे.

गुळवेलीबद्दल अधिक विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण करोनाच्या साथीपासून ती घरोघरी पोहोचली आणि ओळख न पटवता कुंपणावरून तोडून आणण्याची सवयही तिच्याबरोबर वाढली. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यानंतर आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये निवेदन काढून, गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही वनस्पती सुरक्षित असल्याचे सांगितले आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वनस्पती अपायकारक ठरू शकते, याकडे लक्ष वेधले. आमच्या मते या दोन्ही गोष्टी ग्राहकाला ठाऊक असायला हव्यात. यकृताचा विकार असलेल्यांनी, तसेच शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारावर उपचार घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल सुरू करू नये.

गुळवेलीची ओळख अशी पटवावी. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट असते, त्यावरची पातळ, कागदासारखी साल नखाने सहज सुटते आणि खाली हिरवा रंग दिसतो; कांडी आडवी कापली की आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना स्पष्ट दिसते. क्रिस्पाचे खोड राखाडी असून त्यावर असंख्य बारीक गाठी असतात. अशी गाठाळ वेल ‘अगदी गुळवेलच आहे’ असे कोणी सांगितले तरी घेऊ नये. कडुनिंबावर चढलेली गुळवेल औषधाला उत्तम, असे परंपरा मानते. ती मागणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की, वाळलेल्या कांडीवरून वेल कोणत्या झाडावर होती हे ओळखता येत नाही.

काढा कसा करावा

शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात काढ्याचे प्रमाण दिले आहे : भरड औषधाच्या सोळापट पाणी घालावे आणि आठवा भाग उरेपर्यंत आटवावे. म्हणजे १० ग्रॅम भरडीला १६० मिलिलिटर पाणी घेतले, तर २० मिलिलिटर काढा उरतो. आच मंद ठेवावी आणि भांड्यावर झाकण ठेवू नये. काढ्यासाठी भरडच घ्यावी, कारण वस्त्रगाळ चूर्ण उकळले की त्याचा गाळ होतो आणि तो गाळला जात नाही. वैद्यांनी वेगळे प्रमाण लिहून दिले असेल तर अर्थातच तेच पाळावे. केलेला काढा त्याच दिवशी संपवावा. फ्रीजमध्ये ठेवून चार दिवस पुरवू नये.

तुळस, गवती चहा, दालचिनी अशा सुगंधी द्रव्यांचा गुण त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. ती आटवत बसू नयेत. त्यांवर उकळते पाणी ओतून, झाकून, थोड्या वेळाने गाळून घ्यावे.

अडुळसा आणि ज्येष्ठमध

पावसाळ्यात आणि थंडीच्या तोंडावर आमच्याकडे सर्वाधिक मागणी या दोहोंना असते. अडुळशाच्या पानांत वासिसिन नावाचे द्रव्य आहे. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे आजच्या डॉक्टरांच्या वापरातील औषध याच द्रव्यावरून तयार झाले, त्यामुळे अडुळशाचा पारंपरिक वापर निराधार नव्हता असे म्हणता येते. मात्र वासिसिनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. म्हणून गर्भवती स्त्रीसाठी अडुळसा मागितला, तर तो देण्यापूर्वी ‘डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे का?’ असे आम्ही विचारतो, आणि या प्रश्नाचा कोणी राग मानू नये. अडुळशाचा रस मधाबरोबर देण्याची पद्धत आहे. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध मुळीच चाटवू नये.

ज्येष्ठमधाची काडी चघळली की घसा मोकळा होतो आणि ती गोड असल्यामुळे मुलेही आनंदाने घेतात. ही गोडी ग्लिसिऱ्हायझिन या द्रव्याची आहे. तेच द्रव्य अधिक प्रमाणात आणि दीर्घकाळ पोटात गेले, तर शरीरात मीठ व पाणी साठून रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम कमी होते. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ज्येष्ठमध रोजच्या चहात घालण्याची सवय लावून घेऊ नये.

बाळगुटी

गुटीचा संच आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मागितला जातो : हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, जायफळ, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, हळकुंड, खारीक, बदाम. सहाणेवर एकेक द्रव्य उगाळताना घरातल्या जाणत्या बाया मात्रा वळशांनी, म्हणजे उगाळण्याच्या फेऱ्यांनी, मोजत असत. मुरडशेंगेचे वळसे अधिक, वेखंड आणि जायफळाचा जेमतेम एखादा, आणि तोही रोज नाही. जायफळाने गुंगी येते, वेखंडही तीव्र द्रव्य आहे, हे त्यांना नीट ठाऊक होते. आता संच घरी जातो, पण वळशांचे हे ज्ञान त्याच्याबरोबर जातेच असे नाही, आणि याची आम्हाला खरोखर काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटना आणि बालरोगतज्ज्ञ बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, असे सांगतात. तेव्हा त्या वयात गुटी सुरू करू नये, आणि नंतर द्यायची झाल्यास बाळाच्या डॉक्टरांना विचारून, स्वच्छ सहाणेवर, उकळून गार केलेल्या पाण्यात उगाळून द्यावी. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपू लागले, तर ‘गुटी लागू पडली’ असे समजू नये. गुटी थांबवून बाळाला लगेच दाखवावे.

बाळहिरडा

आपल्याच जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या परिसरात, आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात आणि त्या मिळकतीवर त्यांचा बराच आधार असतो. आत बी धरण्यापूर्वीचे हे कोवळे फळ वाळले की काळे पडते. चांगला बाळहिरडा कठीण असतो आणि फोडला की आत पोकळी दिसत नाही. एरंडेलात भाजून त्याचे चूर्ण पोट साफ होण्यासाठी रात्री घेतात. त्रिफळ्यात मात्र पूर्ण वाढलेला हिरडा, बिया काढून, बेहडा आणि आवळा यांच्यासह घालतात. पोट साफ होण्यासाठी काहीही रोज, महिनोन्‌महिने घ्यावे लागत असेल, तर तपासणी करून घ्यावी.

घरी ठेवताना

पुण्याच्या पावसाळी हवेत मुळ्या आणि चूर्णे लवकर ओलावा धरतात, म्हणून ती घट्ट झाकणाच्या कोरड्या काचेच्या बरणीत ठेवावीत. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर ऊन दाखवून वापरण्याचा मोह टाळावा आणि ते द्रव्य टाकून द्यावे. शार्ङ्गधराने चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी उणा होतो असे म्हटले आहे, त्यामुळे वर्षभराचे चूर्ण एकदम नेऊ नये.

एखादी वनस्पती मधुमेह किंवा कर्करोग बरा करते, असे आमच्या कोणत्याही पुडीवर लिहिलेले आढळणार नाही; तशी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे आणि आम्हालाही ती अयोग्य वाटते. रक्त पातळ करणाऱ्या, साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, अथवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर आपण घेत असलेली काष्ठौषधी डॉक्टरांना नावानिशी सांगावी. त्यासाठी आम्ही प्रत्येक पुडीवर वनस्पतीचे मराठी व शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि माल आल्याचा महिना लिहून देतो. औषध संपेपर्यंत ती पुडी जपून ठेवावी, आणि त्रास जाणवल्यास औषध थांबवून तीच पुडी डॉक्टरांकडे घेऊन जावी.