उकिरड्यात उबणारी अंडी

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. काळा, थोराड पक्षी पायांनी पालापाचोळा मागे भिरकावतोय आणि खाली मजकूर: ‘ऑस्ट्रेलियातला हा पक्षी नर पिल्लू हवं की मादी, हे स्वतः ठरवतो!’ लगेच मावशीचा प्रश्न आला, “तुमच्याकडे दिसतो का गं हा?”

दिसतो की! ब्रिस्बेनमध्ये राहून ब्रश टर्की दिसला नाही असं होतच नाही. इथे पक्षी माणसाला बिचकत नाहीत. बागेत जेवायला बसलं तर कुकाबरा ताटातला तुकडा उचलून नेतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरट्याजवळून सायकल गेली की मॅगपाय मागून डोक्यावर झेपावतो. तिकडे सिडनीत पांढरे कॉकटू कचऱ्याच्या डब्यांची झाकणं चोचीने उचलून उघडतात, आणि एकाचं पाहून दुसरा शिकतो. पण माझा जीव जडला आहे तो ब्रश टर्कीवर. त्याच्याबद्दल चुकीची गोष्ट फिरत असेल तर मला गप्प बसवत नाही.

आमची त्याची ओळख झाली तीच नुकसानीतून. या घरात आलो त्या पहिल्याच वर्षी एका शनिवारी आम्ही वाफ्यांवर लाकडाच्या भुशाचं आणि सालींचं आच्छादन पसरलं. सोमवारी संध्याकाळी पाहिलं तर वाफे उघडे. सगळं आच्छादन, शेजारच्या अंगणातल्या पाल्यासकट, आमच्या लिलीपिलीच्या झाडाखाली गोळा झालं होतं. (लिलीपिली हे आपल्या जांभळाच्या गोतातलं झाड, सावली तशीच दाट.) ढिगावर साहेब उभे. डोकं लालभडक आणि जवळजवळ बोडकं, गळ्याभोवती पिवळीजर्द कातडी लोंबतेय, शेपटी मिटलेल्या पंख्यासारखी उभी. मी तो ढीग दाताळ्याने परत पसरला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच. तीन वेळा हे झाल्यावर मी हात टेकले. आमच्या क्वीन्सलँड राज्यात १९९२च्या कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे, त्यामुळे त्याला इजा करता किंवा परवानगीशिवाय पकडून नेता येत नाही, आणि नंतर तसं करावंसं वाटलंही नाही.

नावात टर्की असलं तरी नाताळात शिजतो त्या अमेरिकन टर्कीशी याचं नातं लांबचं. जॉन लॅथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने तर १८२१ मध्ये त्या बोडक्या डोक्यामुळे याची गणना गिधाडांत केली होती. खरं कूळ आहे मेगापोड, म्हणजे ‘मोठ्या पायांचे’. या कुळातले पक्षी अंडी अंगाखाली घेऊन बसतच नाहीत. आपल्याकडे कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवस जागची हलत नाही. मेगापोड अंडी जमिनीत किंवा ढिगात पुरतात आणि ऊब बाहेरून मिळवतात. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचा मालेओ उन्हाने तापलेल्या वाळूत किंवा ज्वालामुखीच्या ऊबदार जमिनीत अंडी घालतो. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातला मॅलीफाउल कुजणारा पाला आणि ऊन दोन्ही वापरतो. ब्रश टर्कीचा भर मात्र निव्वळ कुजण्यावर.

ही उष्णता येते कुठून? गावाकडे थंडीच्या दिवसांत पहाटे उकिरड्यातून वाफ निघताना तुम्ही पाहिली असेल. त्यात हात खुपसला तर चटका बसतो. ओला पाला जिवाणू आणि बुरशी खातात, श्वसन करतात आणि त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. आपण भाकरी खाऊन अंग गरम ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. मग पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीतली खताची बादली गार का असते आणि सोसायटीच्या मोठ्या खड्ड्यातून वाफा का येतात? कारण आकार. ढिगाची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केली की आतला पाला आठपट होतो, पण बाहेरचा पृष्ठभाग चौपटच. उष्णता तयार होते साऱ्या पाल्यात आणि निसटते फक्त पृष्ठभागातून. म्हणून ढीग मोठा असेल तरच तो ऊब धरून ठेवतो. ब्रश टर्कीचा ढीग तीन-चार मीटर रुंद, मीटरभर किंवा त्याहून उंच आणि वजनाने दोन ते चार टन असतो. रचणारा पक्षी अवघा दोन-अडीच किलोचा!

पण नुसती उष्णता निर्माण करून भागत नाही. सोसायटीचा खड्डा साठ अंशांवर सहज जातो, त्यात अंडं ठेवलं तर उकडून निघेल. अंड्यांना हवेत ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, तेही सात आठवडे. इथे मी थोडं गणित मांडते, कारण मला सगळ्यात जास्त गंमत इथेच वाटते.

समजा बाहेर २० अंश आहेत आणि ढिगात ३३. फरक १३ अंशांचा. शाळेत शिकलेला न्यूटनचा नियम सांगतो की उष्णता किती वेगाने निसटणार हे या फरकावर ठरतं. ढीग एका अंशाने तापला की फरक १४ होतो, म्हणजे गळती साधारण पावणेआठ टक्क्यांनी वाढते. ही झाली लगाम घालणारी बाजू. आता दुसरी. जिवाणूंनाही ऊब मानवते. दर दहा अंशांमागे त्यांचं काम ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणजे एका अंशामागे सात टक्क्यांच्या आसपास. हीच ती ढकलणारी बाजू. आठ आणि सात! दोन्ही इतक्या जवळ आहेत की ढीग स्वतःहून सावरतो तो जेमतेम. बाहेरचं हवामान बदललं, पाऊस पडून पाला भिजला, ताजा पाला जास्त पडला, की तोल कुठल्याही बाजूला झुकू शकतो. ढिगाच्या बाजूने एकच मोठी गोष्ट असते, ती म्हणजे त्याचं वजन. ओल्या पाल्याचे काही टन तापायला आणि निवायला वेळ लागतो. त्यामुळे चूक लगेच अंगाशी येत नाही, दुरुस्तीला मुदत मिळते.

ही दुरुस्ती नर करतो. रोज सकाळी तो ढिगावर चढतो, खड्डा खणतो, डोकं आत खुपसून चोचभर पाला उचलतो. तापमान ओळखणारी जागा त्याच्या तोंडाच्या आतच असावी असं मानतात. गार वाटलं तर ताजा पाला ओढून आणतो आणि ढीग ढवळतो, म्हणजे आत हवा जाऊन जिवाणूंना प्राणवायू मिळतो. गरम वाटलं तर वरचा थर काढून उष्णता जाऊ देतो. जवळजवळ अर्धं वर्ष हे काम चालतं. मी एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहा घेत पाहत होते. त्याने गळ्यापर्यंत डोकं खड्ड्यात घातलं, बाहेर काढलं, क्षणभर तसाच थांबला आणि मग फक्त एका बाजूचा पाला चार-पाच वेळा मागे ओढला. दुसऱ्या बाजूला पायही लावला नाही. त्याला काहीतरी नेमकं कळलं होतं, यात मला शंका नाही.

मादी येते ती फक्त अंडं घालायला. काही दिवसांच्या अंतराने एकेक, हंगामात वीसच्या आसपास, आणि तीही वेगवेगळ्या नरांच्या ढिगांत. एका अंड्याचं वजन सुमारे १८० ग्रॅम, म्हणजे आपल्या कोंबडीच्या तीन अंड्यांएवढं. बलक भरपूर, टरफल मात्र पातळ. त्याचंही कारण आहे. कुजणाऱ्या ढिगात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर, तेव्हा आतल्या जिवाला श्वास घेता यायचा तर भिंत पातळच हवी.

आता मावशीच्या व्हिडिओकडे येते. ‘नर की मादी हे पक्षी ठरवतो’ या बोलण्यामागे खरं संशोधन आहे, पण ते मोडूनतोडून सांगितलंय. २००५ मध्ये ॲन गॉथ आणि डेव्हिड बूथ या संशोधकांनी दाखवलं की ब्रश टर्कीची अंडी ३१ अंशांत उबवली तर नर पिल्लं जास्त निघतात, ३६ अंशांत माद्या जास्त आणि ३४ला दोन्ही साधारण सारखी. हे वाचून कोणालाही कासव आठवेल. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यांच्या पिल्लाचं लिंग खरोखरच वाळूची ऊब ठरवते. गरम वाळूत माद्या, थंड वाळूत नर. म्हणजे हा पक्षी कासवासारखाच झाला?

नाही. पक्ष्यांत लिंग ठरतं ते गुणसूत्रांनी. नरात झेड-झेड, मादीत झेड-डब्ल्यू. अंडं ढिगात पडण्याआधीच निकाल लागलेला असतो. मग ऊब काय करते? २००८ मध्ये बूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निघालेल्या पिल्लांबरोबर अंड्यातच मेलेल्या गर्भांचीही डीएनए तपासणी केली. जास्त उबेत नर गर्भ जास्त मरत होते, कमी उबेत मादी गर्भ जास्त मरत होते, मधल्या तापमानात दोघांचं मरण सारखं होतं. समजा शंभर अंडी आहेत, पन्नास नर, पन्नास माद्या. ढीग गार राहिला आणि पाच नर, वीस माद्या दगावल्या, तर बाहेर येतात ४५ नर आणि ३० माद्या. मोजणाऱ्याला वाटतं नर ‘तयार झाले’. खरं तर माद्या गेलेल्या असतात. कासवाच्या अंड्यात तापमान लिंग घडवतं, ब्रश टर्कीच्या अंड्यात ते वाचलेल्यांची निवड करतं. बाहेरून आकडे सारखे दिसतात, आतली यंत्रणा अगदी वेगळी. ज्यांनी मेलेली अंडी टाकून न देता उघडून पाहिली त्यांना हे कळलं.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा एका काकांनी विचारलं, “मग टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, ते?” तेही खोटं. अंड्याच्या आकाराचा पिल्लाच्या लिंगाशी काही संबंध नाही. आणि याच ओघात एक सांगते, कारण ते आपल्या घराघरांत अजून बोललं जातं. अमुक खाल्लं, तमुक काढा घेतला की मुलगा होतो असं सांगणारे लोक औषधांच्या पुड्या विकतात आणि मुलगी झाली की बोल सुनेला लावला जातो. पक्ष्यांत झेड की डब्ल्यू हे आईकडून ठरतं. माणसात उलट आहे. आईकडे एक्स-एक्स, बापाकडे एक्स-वाय, म्हणजे मूल मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्रजंतूवर अवलंबून असतं. तिथे ना बाईचा दोष ना काढ्याचा गुण. दहावीच्या पुस्तकात असलेली ही गोष्ट दहावी झालेल्या घरांत अजून पोचू नये याचा मला राग येतो.

हे पक्षी फक्त ऑस्ट्रेलियाचे असं समजू नका. निकोबार बेटांवर याच कुळातला निकोबार मेगापोड आहे. तोही किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू आणि पाल्याचे ढिगारे करून अंडी पुरतो. २००४ च्या त्सुनामीत असे कितीतरी ढिगारे वाहून गेले. ग्रेट निकोबारची गॅलेथिया खाडी ही त्याची आणि समुद्री कासवांची जागा. बंदराच्या योजनेसाठी तिथल्या अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये काढला गेला. भारतातल्या दुसऱ्या कुठल्या पक्ष्यात न सापडणारी ही युक्ती आहे, तिची बातमी निदान आपल्याला माहीत असावी.

आमच्या ढिगातली गोष्ट राहिलीच. मेगापोडच्या पिल्लाला चोचीने टरफल फोडावं लागत नाही, ते पायांनी लाथा मारून बाहेर येतं. मग उताणं पडून, वरचा पाला पायांनी खाली दाबत, दीड-दोन दिवस अंधारात वर वर सरकतं. वर कोणी वाट पाहत नसतं. आई नाही, बाप नाही, भरवणारं कोणी नाही. त्याला पिसं फुटलेली असतात, लगेच पळता येतं, काही तासांत उडताही येतं. आपल्यासारखी दुसरी पिल्लं कशी ओळखायची हे त्याला कोणी शिकवत नाही. यंत्रपिल्लं वापरून केलेल्या प्रयोगांत दिसलं की टोच मारण्याची हालचाल आणि पाय-चोचीवरून परावर्तित होणारा अतिनील प्रकाश या दोन खुणांकडे ती उपजतच ओढली जातात. बहुतेक पिल्लं मांजरं आणि आपल्या घोरपडीच्या भाऊबंदांच्या तोंडी जातात.

जानेवारीत एका पहाटे मी कपडे वाळत घालत होते. ढिगाच्या कडेचा पाला हलला. आधी एक पाय आला, मग मातीने माखलेलं तपकिरी डोकं. पिल्लू बाहेर येऊन मिनिटभर धापा टाकत बसलं, अंग झटकलं आणि कुंपणाच्या फटीतून शेजारच्या झुडपांत पळालं. नर तेव्हा ढिगाच्या माथ्यावरच होता, पाला ओढत. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.