हॅम परवाना आणि मोर्सची अट: खानदेशातून पाहिलेली पार्श्वभूमी

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौसेने रेडिओ केंद्र चालवायच्या परवान्याच्या, परीक्षेची चौकशी करणारी जळगाव-धुळ्याकडची मुलं मोर्सच्या, म्हणजे बिंदू-रेघांच्या संकेतांच्या, अटीपाशी येऊन अडतात. मोबाइलच्या काळात हे कशाला, असं त्यांना वाटतं. प्रश्न रास्त आहे. हौशी लोकांची कसोटी पाहायला कुणीतरी ही अट घातली असावी असा एक समज आहे, तो मात्र चुकीचा आहे. ही अट समुद्रावरून आली.

रेडिओच्या सुरुवातीच्या काळात हवेतून आवाज जात नसे, जायचा तो फक्त संकेत. सरकारी केंद्रं, जहाजं आणि घरात यंत्र जुळवून बसलेले हौशी लोक असे सगळे त्याच लहरींवर दाटीवाटीने बोलत. 1912 साली टायटॅनिक बुडाली, आणि संकटातल्या जहाजाची हाक या गर्दीत हरवता कामा नये हे सरकारांच्या ध्यानात आलं. एखादं जहाज मदत मागत असेल तर हौशी माणसाला ते ऐकून समजलं पाहिजे, आणि ‘तुमचं प्रक्षेपण थांबवा’ असं कुणी सांगितलं तर तेही कळलं पाहिजे. सांगायची भाषा एकच होती, मोर्स. 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेत ही गोष्ट आंतरराष्ट्रीय नियमात आली: हौशी केंद्र चालवणाऱ्याला मोर्स पाठवता आणि घेता आलंच पाहिजे. पुढे खूप उंच वारंवारतांना सूट मिळत गेली, पण देश ओलांडून जाणाऱ्या शॉर्टवेव्हवर अट कायम राहिली.

भारतात तोवर हौशी रेडिओ सुरू झालेला होता. अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी 1921 मध्ये कलकत्त्यात पहिलं हौशी केंद्र चालवलं. 1939 मध्ये महायुद्ध पेटताच सगळे परवाने रद्द झाले. स्वातंत्र्यानंतर, 15 मे 1948 रोजी, अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाची सुरुवात झाली ती इंदूरजवळच्या महूला, लष्कराच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये. धुळ्याहून आग्रा रोड धरला की शिरपूर, सेंधवा ओलांडून हाच रस्ता महूला पोचतो. देशातल्या हॅमांची ही संघटना लष्करी सिग्नल्सच्या आवारात जन्मली, तेव्हा तिथे मोर्सला मान असणं ओघानेच आलं.

खानदेशाला मात्र मोर्स रेडिओतून कळलं नाही, ते आलं रुळांबरोबर. 1860 च्या दशकात जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे गेली. 1870 मध्ये ती जबलपूरला जोडली गेली आणि मुंबई-कलकत्ता गाड्या भुसावळवरून धावू लागल्या. रुळांशेजारी तारेचे खांब होतेच. पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि ही विचारणा बराच काळ तारेवरूनच होई. स्टेशन मास्तरला मोर्स यावंच लागे. रात्रपाळीच्या सहायक मास्तराने एखादं अक्षर चुकीचं ऐकलं असतं, तर एकेरी मार्गावर काय झालं असतं याची कल्पना करा. आपल्याकडे मोर्स ही पोटापाण्याची आणि जिवाची विद्या होती. छंदाशी तिचा संबंध फार नंतर आला. या वारशाचा आपल्या भागात फारसा उल्लेख होत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

तारबाबूचं मोर्स आणि हॅमचं मोर्स संकेत म्हणून एकच, कानाला मात्र वेगळं. तारेच्या साउंडरमधून सूर येत नसे. लोखंडी पट्टी खाली आपटली की एक ‘कट्ट’, वर गेली की दुसरा. या दोन आवाजांमधलं अंतर मोजून बिंदू की रेघ ते ओळखायचं. रेडिओवर सलग सूर येतो, आखूड किंवा लांब, आणि म्हणून हॅम ‘डिट’ आणि ‘डा’ म्हणतात. आयुष्यभर साउंडर ऐकलेल्या माणसालाही हेडफोनमधल्या सुराशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते, पण हाताची लय त्याच्याकडे आधीच असते. सार्वजनिक तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. ते कान असलेली पिढी आता वयोवृद्ध आहे. घरात असं कुणी असेल तर त्यांच्याकडून जरूर ऐकून घ्या.

भारतातल्या हौशी सेवेच्या 1978 च्या नियमांत परवान्याच्या ग्रेड दोनला मिनिटाला 5 शब्दांचा वेग होता आणि ग्रेड एकला 12 चा. दरम्यान जगात मूळ कारणच संपलं. 1999 पासून जहाजांच्या संकट-संदेशांसाठी उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रणा आली, आणि 2003 च्या जिनिव्हा परिषदेने मोर्सची सक्ती काढून निर्णय प्रत्येक देशावर सोपवला. अमेरिकेने 2007 मध्ये ती पूर्ण सोडली. भारताने मधला रस्ता घेतला: रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, जनरल ग्रेडला मिनिटाला 8 शब्द.

हा वेग किती? ‘पॅरिस’ हा इंग्रजी शब्द प्रमाण धरतात, तो 50 मात्रांचा, आणि एक मात्रा म्हणजे एक डिट. 8 शब्दांच्या वेगात एक डिट 0.15 सेकंदाचा होतो. 5 शब्दांना तो 0.24 सेकंद असे, तेव्हा डिट मोजून अक्षर ओळखायला सवड मिळे. तीच सवय पुढे नडते. मोजणारा माणूस मिनिटाला दहा शब्दांच्या आसपास अडकतो, कारण त्यापुढे मोजायला वेळच उरत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी 1930 च्या दशकात यावर उपाय दिला: पहिल्या दिवसापासून अक्षरं पूर्ण वेगात ऐकायची, पण सुरुवात दोनच अक्षरांनी, ती पक्की झाली की तिसरं घ्यायचं. माझं मत स्पष्ट आहे, बिंदू-रेघांचा तक्ता भिंतीवर लावून पाठ करू नका. मोर्स कानानेच शिकावं.

सक्ती उठलेल्या देशांतही लोक मोर्स शिकतात, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. आवाजाच्या एसएसबी (शॉर्टवेव्हवर हॅम बोलायला वापरतात त्या) प्रक्षेपणाला अडीच-तीन किलोहर्ट्झ जागा लागते, मोर्सला साधारण दीडशे हर्ट्झ पुरतात. सगळी शक्ती त्या अरुंद पट्टीत एकवटते, म्हणून चार-पाच वॉटचं घरी जोडलेलं यंत्रही दूरवर ऐकू येतं. तोरणमाळ, धडगावच्या बाजूला सातपुड्याच्या रांगा व्हीएचएफचा, म्हणजे खूप उंच वारंवारतेचा, हातातला सेट अडवतात. तिथे 40 मीटर या शॉर्टवेव्ह पट्ट्यावरची लहर वर आयनोस्फियरवर, म्हणजे वातावरणाच्या उंच विद्युतभारित थरावर, आपटून डोंगरापलीकडे उतरते, आणि ती पकडायला झाडाला बांधलेली तारेची अँटेना, एक बॅटरी आणि मोर्स पाठवायची कळ (की) एवढं पुरतं.

परीक्षेसाठी आपल्याकडच्या उमेदवाराने मुंबई किंवा नागपूर धरावं. भुसावळहून दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर आहेत.