लॅक्सटन : बिनबांधाचे शिवार

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये, शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेला, ऑलर्टन आणि टक्सफर्ड यांच्या मध्ये लॅक्सटन नावाचे छोटे खेडे आहे. एक चर्च, एक पब आणि रस्त्याच्या कडेने लाल विटांची घरे. शेतकरी शेतावर नाही, गावातच राहतो, गोठे आणि धान्याची कोठारेही घराच्या मागेच. गावाबाहेर पडले की शिवार एकदम उघडे होते. एरवी इंग्लंडच्या ग्रामीण भागात जिकडे तिकडे दिसणारी झुडपांची कुंपणे इथे नाहीत. साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड अशी तीन मोठी राने आहेत, मिळून पाचशे एकरांच्या आसपास. त्यांत वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे पट्टे एकमेकांना खेटून आहेत, मध्ये बांध नाही.

मध्ययुगात मध्य इंग्लंडातल्या बहुतेक गावांची शेती अशीच होती. डेव्हनमधल्या ब्राँटनला किंवा लिंकनशायरच्या आयल ऑफ अॅक्सहोममध्ये आजही असे पट्टे दिसतात. पण पीकफेर आणि त्यावर देखरेख करणारी गावाची न्यायसभा यांच्यासकट ही पद्धत नांदते आहे ती लॅक्सटनलाच. मला या गावाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच वाटते.

पद्धत समजायला सोपी आहे. तीन रानांपैकी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पड. दरवर्षी पाळी पुढे सरकते. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले असतात, म्हणजे चांगली जमीन एकाकडे आणि पाणथळ जमीन दुसऱ्याकडे असे होत नाही. लॅक्सटनची माती तांबडी, चिकण आणि जड. ओली असली की नांगराला सोडत नाही. अशा मातीत मोठा नांगर ओढायला बैलांचा मोठा ताफा लागे. तो वळवायला जागा लागे, म्हणून पट्टे लांबलचक आणि अरुंद. सुगी झाली की रान गुरांना मोकळे होई. त्यामुळे एकाने मनाला येईल ते, मनाला येईल तेव्हा पेरायचे म्हटले तर त्याचे उभे पीक गुरांच्या तोंडी जाणार. पेरणी, कापणी, चराई सगळ्यांनी ठरलेल्या काळातच करायची, याला पर्याय नव्हता.

रानांच्या मध्ये ओहोळाच्या कडेने नांगराखाली न आलेल्या गवताच्या पट्ट्या आहेत. त्यांना 'साइक' म्हणतात. त्यांतल्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो आणि पैसे हक्कदारांत वाटले जातात. शतकानुशतके नांगर न लागल्याने तिथे जी रानफुले टिकली, त्यांच्यामुळे आता या साइकना निसर्गसंरक्षणाचा सरकारी दर्जा आहे.

गावाचा लेखी इतिहास 1086 च्या डूम्सडे नोंदवहीपासून, म्हणजे राजाने करवलेल्या इंग्लंडमधल्या जमीनजुमल्याच्या मोजदादीपासून मिळतो. तेव्हा हे गाव जेफ्री अॅल्सलिन या नॉर्मन सरदाराच्या ताब्यात होते. पुढच्या शतकात रॉबर्ट द कॉ याच्याकडे राजाच्या जंगलांची राखण आली आणि लॅक्सटनचे महत्त्व वाढले. गावाच्या उत्तरेला मातीच्या उंच टेकाडावर त्याची गढी होती. बांधकाम कधीच नाहीसे झाले, पण टेकाड आणि खंदक इतके ठळक आहेत की अख्ख्या परगण्यात अशी जागा क्वचितच सापडेल. नंतरच्या एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाधिमूर्ती सेंट मायकेलच्या चर्चमध्ये आहेत. त्यांतली एका स्त्रीची मूर्ती ओक लाकडात कोरलेली आहे, आणि मध्ययुगातली अशी लाकडी समाधिमूर्ती नॉटिंगहॅमशायरमध्ये ही एकच. चर्च मात्र मूळ आकारात नाही. 1859-60 मध्ये डागडुजी करताना ते आखूड केले गेले.

1635 साल या गावाच्या इतिहासात फार मोलाचे आहे. त्या वर्षी गावाचा तेव्हाचा मालक सर विल्यम कोर्टन याने मार्क पीअर्स या मोजणीदाराकडून सगळ्या शिवाराची मोजणी करून घेतली. पट्ट्यापट्ट्याचा धारक एका वहीत उतरला आणि नऊ चर्मपत्रांवर भव्य नकाशा तयार झाला. नकाशाच्या मोकळ्या जागांत नांगरणारी, कापणी करणारी माणसे आणि शिकारीची दृश्ये रंगवली आहेत. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. सतराव्या शतकातल्या साध्या कुळांची जमीन कुठे आणि किती होती, हे इतक्या बारकाईने सांगणारे कागद फार थोड्या गावांच्या वाट्याला आले.

हा कोर्टन आपल्याला अगदीच परका नाही. फ्लँडर्समधून आलेल्या निर्वासित शिंप्याचा हा मुलगा लंडनचा बडा व्यापारी झाला आणि बार्बाडोसच्या वसाहतीत त्याने पैसा ओतला. ज्या वर्षी त्याने लॅक्सटनची मोजणी करवली, त्याच वर्षी पहिल्या चार्ल्स राजाने त्याच्या व्यापारी संघाला ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला डावलून पूर्वेकडे व्यापार करायची मुभा दिली. 1636 मध्ये कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली जहाजे निघाली, गोव्याला आली आणि तिथून मकाव-कँटनकडे गेली. या संघाने पुढे राजापूर आणि कारवारलाही वखारी घातल्या. कोर्टन स्वतः 1636 मध्येच वारला. घराणे कर्जात बुडाले आणि लॅक्सटन पिअरपाँट घराण्याकडे गेले. याच घराण्यातले लोक पुढे अर्ल मॅनव्हर्स झाले.

आजूबाजूची उघडी शिवारे मात्र याच काळापासून नाहीशी होत गेली. जमीनदारांनी पट्टे एकत्र करायचे, सामाईक चराई बंद करायची आणि प्रत्येकाचा सलग तुकडा कुंपणात घ्यायचा, असा सपाटा सुरू झाला. 1604 ते 1914 या काळात संसदेने यासाठी 5,200 हून अधिक कायदे केले. इंग्लंडच्या एकूण क्षेत्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे 68 लाख एकर जमीन या कायद्यांखाली आली. उत्पन्न वाढले हे खरे. पण ज्याच्याकडे जमीन नावापुरती आणि गायरानात चरणारी एक गाय, त्याची गाय गेली, सरपण गेले आणि तो मजूर झाला. प्रगती म्हणून या बदलाचे कौतुक करताना ही बाजू गाळली जाते, आणि ते मला पटत नाही.

लॅक्सटन यातून सुटले ते कोणाच्या दूरदृष्टीमुळे नाही. एकोणिसाव्या शतकात इथे अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो असे दोन मोठे मालक होते आणि त्यांचे एकमेकांशी जमत नव्हते. शिवाय मोजणी, वकील, कुंपणे, नवे रस्ते यांचा खर्च मोठा. बोलणी रखडली आणि उघडी राने राहून गेली. सगळे शिवार वाचले असेही नाही. याच पॅरिशमधल्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या) मूरहाउस वाडीची जमीन 1860 च्या सुमारास कुंपणात गेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सनी शेकडो बारीक पट्टे जोडून मोठे केले. आज दिसतात ते हे जोडपट्टे.

मालकांच्या भांडणाने राने वाचली, पण ती चालवली गावाने. इथली न्यायसभा, म्हणजे 'कोर्ट लीट', मध्ययुगीन जहागिरीच्या कारभारातून आलेली आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस बारा पंच आणि त्यांचा मुख्य गव्हाच्या रानात फिरतात. पट्ट्यांच्या हद्दी नीट आहेत का, कोणी नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा साइकमध्ये घातला का, वाट मोडली का, हे पाहून हद्दीवर खुंट्या ठोकतात. आठवड्याने डव्हकोट इन या पबमध्ये सभा भरते. मालकाचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, पण दंड पंच ठरवतात. दंड काही पौंडांचा. त्याहून जड असते ते गावासमोर नाव वाचले जाणे. पुढच्या वर्षीचे पंचही तिथेच नेमतात. पूर्वी मोकाट गुरे कोंडवाड्यात घालायला वेगळा माणूस असे आणि तो कोंडवाडा अजून जपलेला आहे. 1977 मध्ये संसदेने देशातल्या जुन्या स्थानिक न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्सटनच्या सभेला कायद्यात नावानिशी वगळले गेले. त्यामुळे इथला दंड हा खरा दंड आहे.

पॅरिशचा कारभार या सभेपासून वेगळा. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम इंग्लंडभरच्या चर्चना 1538 मध्ये झाला आणि 1601 च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारीही पॅरिशवर आली. 1894 मध्ये निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल सुरू झाल्या आणि दिवाणी कामे चर्चकडून सुटली. शेताच्या हद्दी मात्र लॅक्सटनमध्ये कौन्सिलकडे गेल्या नाहीत.

1938 मध्ये ऑक्सफर्डचे कृषी अर्थतज्ज्ञ चार्ल्स ऑर्विन आणि क्रिस्टाबेल ऑर्विन यांनी या शिवाराचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि गावाचे महत्त्व देशाला कळले. 1952 मध्ये मॅनव्हर्सनी इस्टेट कृषी मंत्रालयाला विकली. 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजघराण्याच्या नावावरची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे पुन्हा पिअरपाँटांच्या वारसांकडेच.

आता प्रश्न मालकीचा उरलेला नाही. ट्रॅक्टर आणि कापणी यंत्रे मोठी झाली, गुरे कमी झाली आणि पडीच्या रानात चाऱ्यासाठी गवत घेतले जाते. एका शेतकऱ्याला पोट भरायला पूर्वीपेक्षा खूप जास्त जमीन लागते, त्यामुळे शेती करणारी घरे घटत चालली आहेत. इस्टेटला आणि गावाला यापुढे खरी काळजी आहे ती याची, कारण हद्दीच्या खुंट्या ठोकायला बारा पंच लागतात आणि ते या घरांतूनच यायचे असतात.